रासायनिक प्रयोगशाळेतील सुरक्षितता-शिक्षण

रासायनिक प्रयोगशाळेत काम करणाऱ्या व्यक्तीला तेथील धोके ओळखता यावेत, ते शक्य तितके टाळता यावेत आणि अपघात घडल्यास तत्काळ योग्य कृती करता यावी यांसाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षणास प्रयोगशाळेतील सुरक्षितता-शिक्षण असे म्हणतात. तोंडी सूचना, प्रात्यक्षिक, छापील पुस्तिका, बाटल्यांवरील लेबले व चिन्हे, भित्तिपत्रके, चित्रपट, संगणकावरील आभासी प्रयोग आणि प्रत्यक्ष सराव ही या शिक्षणाची प्रमुख माध्यमे होत. प्रत्येक माध्यमाचे सामर्थ्य वेगळे व मर्यादाही वेगळी असते. एकाच माध्यमावर विसंबल्यास ज्ञानात राहिलेली उणीव पुष्कळदा अपघात झाल्यावरच उघडकीस येते. म्हणून कोणते ज्ञान कोणत्या माध्यमातून पोहोचते, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : रसायनशास्त्राच्या आरंभीच्या काळात संशोधकांचे स्वतःचे शरीर हेच धोका ओळखण्याचे साधन होते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल व्हिल्हेल्म शेले (१७४२–८६) हे नव्या पदार्थांच्या वासाची व चवीचीही नोंद करीत. वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. विषारी पदार्थांशी आलेला सततचा संपर्क त्यास कारणीभूत झाला असावा, असे मानले जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येअर ल्वी द्यूलाँ (१७८५–१८३८) यांनी नायट्रोजन ट्रायक्लोराइड या अतिस्फोटक संयुगाचा शोध लावला. परंतु त्यापायी त्यांना एक डोळा व हाताची बोटे गमवावी लागली. या संयुगाची व त्यामुळे झालेल्या इजेची माहिती आंद्रे मारी अँपिअर (१७७५–१८३६) यांनी १८१२ मध्ये सर हंफ्री डेव्ही (१७७८–१८२९) यांना पत्राने कळविली होती. तरीही त्याच वर्षी हे संयुग तयार करताना झालेल्या स्फोटात डेव्ही यांच्या डोळ्यास इजा झाली. पुढील वर्षी मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांच्यासह हेच काम पुन्हा करताना दोघांनीही काचेचे मुखवटे वापरले. स्फोट याही वेळी झाले, पण दोघांचे डोळे वाचले. लेखी इशारा मिळाल्याने जे साधले नव्हते, ते साधन बदलल्याने साधले. सुरक्षितता-शिक्षणातील एक कायमची अडचण या जुन्या प्रसंगात दिसून येते : धोक्याची माहिती असणे आणि त्या माहितीनुसार हात चालणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

युस्टुस फोन लीबिख (१८०३–७३) यांनी जर्मनीतील गीसेन येथे १८२० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा सुरू केली. तेव्हापासून रसायनशास्त्र हा हातांनी शिकण्याचा विषय झाला आणि अननुभवी व्यक्ती मोठ्या संख्येने प्रयोगशाळेत येऊ लागल्या. फॅराडे यांनी आपल्या व्याख्यानांच्या आधारे लिहिलेला केमिकल मॅनिप्युलेशन (१८२७) हा ग्रंथ उपकरणे व द्रव्ये हाताळण्याच्या रीती तपशीलवार सांगणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांपैकी होय. तथापि दीर्घकाळ सुरक्षिततेचे ज्ञान मुख्यतः गुरूकडून शिष्याकडे तोंडीच जात राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयास स्वतंत्र स्थान मिळाले. लेस्ली ब्रेदरिक यांनी संकलित केलेला धोकादायक विक्रियांचा संदर्भग्रंथ १९७५ मध्ये निघाला; अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने प्रयोगशाळेतील विवेकी कार्यपद्धतींविषयीचा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९९० मध्ये त्या देशात प्रयोगशाळांतील कर्मचाऱ्यांना धोक्यांचे प्रशिक्षण देणे नियमाने बंधनकारक झाले. भारतात रासायनिक प्रयोगशाळांतील सुरक्षिततेसाठी आय. एस. ४२०९ ही मानक संहिता आहे.

शिक्षणाचे घटक : आधुनिक पद्धतीत सुरक्षितता म्हणजे पाठ करावयाच्या निषेधांची यादी मानीत नाहीत. धोका ओळखणे, त्यापासून होऊ शकणाऱ्या हानीचा अंदाज घेणे, ती हानी कमी करण्याचे उपाय योजणे आणि आणीबाणीची तयारी ठेवणे असे तिचे चार घटक मानले जातात. एखादा द्रव ज्वालाग्राही आहे, हे झाले धोक्याचे ज्ञान. तो १० मिलि. आहे की २ लिटर, जवळ ज्योत आहे की नाही, हवा खेळती आहे की कोंडलेली यांवरून हानीचा अंदाज बांधावा लागतो. पहिल्या घटकासाठी शब्द व चिन्हे पुरतात. दुसऱ्यासाठी उदाहरणे व चर्चा लागते. तिसऱ्यासाठी हाताचे कौशल्य आणि चौथ्यासाठी वारंवार सराव लागतो. माध्यमांची निवड या भेदावर अवलंबून असते.

तोंडी सूचना व प्रात्यक्षिक : शिक्षकाने प्रयोगापूर्वी दिलेली सूचना हे सर्वांत जुने व आजही सर्वांत प्रचलित माध्यम आहे. विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून शिक्षक आपले बोलणे बदलू शकतो आणि चूक होण्याच्या क्षणी हात धरू शकतो. बाटलीतून अम्ल ओतताना लेबलाची बाजू तळहाताकडे ठेवावी, म्हणजे ओघळणाऱ्या थेंबाने लेबल खराब होत नाही. परीक्षानळी तापविताना तिचे तोंड स्वतःकडे अथवा शेजाऱ्याकडे करू नये. वास घ्यावयाचा असल्यास नळीवर नाक न नेता हाताने वारा घालून वाफ अलगद नाकाकडे आणावी, अशा गोष्टी पाहूनच शिकता येतात. मात्र बोललेला शब्द टिकत नाही. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतील टेक्सस टेक विद्यापीठात निकेल हायड्राझीन परक्लोरेट या स्फोटक संयुगाचा स्फोट होऊन एका संशोधक विद्यार्थ्याची तीन बोटे तुटली व डोळ्यास इजा झाली. असे संयुग एका वेळी १०० मिग्रॅ.पेक्षा अधिक तयार करावयाचे नाही, अशी मर्यादा तेथे तोंडी सांगितली जात असे, प्रत्यक्षात सु. १० ग्रॅ., म्हणजे शंभरपट संयुग तयार करण्यात आले होते. ही मर्यादा लेखी नव्हती व ती पाळली जाते की नाही हे पाहण्याची व्यवस्थाही नव्हती, असे चौकशीत आढळून आले.

छापील साहित्य : नियमपुस्तिका, प्रयोगवही आणि प्रत्येक द्रव्यासोबत उत्पादकाकडून मिळणारे सुरक्षितता माहितीपत्रक हे छापील माध्यमाचे मुख्य प्रकार होत. माहितीपत्रकाचे आंतरराष्ट्रीय स्वरूप १६ विभागांचे असून त्यात द्रव्याची ओळख, धोके, प्रथमोपचार, आग विझविण्याचे उपाय, सांडल्यास करावयाची कृती, साठवण, संरक्षक साधने, स्थिरता, विषाक्तता इ. माहिती ठरलेल्या क्रमाने येते. अचूकता व टिकाऊपणा हे या माध्यमाचे गुण आहेत. विद्यार्थ्याने संपूर्ण पत्रक पाठ करणे अपेक्षित नसते. कोणती माहिती कोठे सापडते हे त्याला ठाऊक असावे लागते. यासाठी प्रयोगाच्या आदल्या दिवशी संबंधित पत्रकातील नेमक्या चारपाच प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून आणण्याची पद्धत उपयुक्त ठरते.

छापील माहिती तिच्या लेखनकाळी असलेल्या ज्ञानाइतकीच विश्वासार्ह असते. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्रज्ञ कॅरेन वेटरहान यांच्या हातमोज्यावर १४ ऑगस्ट १९९६ रोजी डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब पडले. त्या वेळी शिफारस केलेली सर्व दक्षता त्यांनी घेतली होती. काम फ्यूम हूडमध्ये म्हणजे विषारी वाफा बाहेर खेचून घेणाऱ्या कपाटात चालू होते आणि हातांत लॅटेक्सचे मोजे होते. सु. पाच महिन्यांनी विषबाधेची लक्षणे दिसू लागली व ८ जून १९९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. हे संयुग लॅटेक्सच्या मोज्यातून १५ सेकंदांच्या आत पार जाते, असे नंतरच्या चाचण्यांतून आढळले. त्यानंतर या संयुगासाठी बहुस्तरी प्लॅस्टिकचे मोजे व त्यांवर जाड निओप्रीनचे मोजे वापरण्याची शिफारस करण्यात आली. ‘हातमोजे वापरावेत’ एवढे वाक्य अपुरे असून कोणत्या द्रव्यासाठी कोणते मोजे व किती वेळ, हे सांगणे आवश्यक असते, हा धडा या घटनेतून मिळाला.

चिन्हे, लेबले व भित्तिपत्रके : वाचण्यास वेळ नसतो तेथे चिन्ह उपयोगी पडते. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक एकसूत्री वर्गीकरण पद्धतीत नऊ चिन्हे आहेत. लाल चौकटीच्या, कोनावर उभ्या केलेल्या चौरसात पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी आकृती असे त्यांचे स्वरूप असून ज्योत, वर्तुळावरील ज्योत (ऑक्सिडीकारक), फुटणारा बाँब, वायूची टाकी, धातू व हात यांवर पडणारा क्षरणकारी द्रव, कवटी व हाडे, उद्‌गारचिन्ह, छातीवर ताऱ्यासारखी खूण असलेली मानवाकृती (दीर्घकालीन आरोग्यहानी) आणि मृत मासा व झाड या आकृत्या वापरतात. यांशिवाय इमारती व साठवणीच्या टाक्या यांवर अमेरिकी पद्धतीचा चौरंगी चौकोनही आढळतो. त्यात निळा भाग आरोग्याचा, तांबडा ज्वालाग्राहितेचा, पिवळा अस्थिरतेचा व पांढरा विशेष सूचनांचा असतो.

चिन्हांचा अर्थ स्वयंस्पष्ट असतो ही समजूत चुकीची आहे. वर्तुळावरील ज्योत व साधी ज्योत यांतील फरक शिकविल्याशिवाय कळत नाही. पहिल्या चिन्हाचे द्रव्य स्वतः जळेलच असे नाही, परंतु ते दुसऱ्याच्या ज्वलनास जोर देते व म्हणून दोन्ही एकाच कपाटात ठेवू नयेत. चौरंगी चौकोनातील आकड्यांत ४ हा सर्वांत मोठा धोका दर्शवितो, तर जागतिक पद्धतीच्या वर्गवारीत १ हा वर्ग सर्वांत धोकादायक असतो. हे दोन क्रम परस्परांविरुद्ध असल्याने दोन्ही शेजारीशेजारी ठेवून शिकविणे इष्ट ठरते. भित्तिपत्रकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. एकाच जागी वर्षानुवर्षे लावलेले पत्रक डोळ्यांच्या सवयीचे होऊन दिसेनासे होते. म्हणून ती ठरावीक काळाने बदलावीत व ज्या कृतीशी संबंधित असतील तिच्या जागीच लावावीत.

चित्रपट व चित्रफीत : प्रयोगशाळेत जे दाखविणे धोक्याचे किंवा अशक्य असते ते चित्रपट दाखवू शकतो. ईथराची वाफ हवेपेक्षा सु. अडीचपट जड असून ती टेबलाच्या पृष्ठावरून वाहत दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचते व आग उलट बाटलीकडे धावते; संहत सल्फ्यूरिक अम्लात पाणी ओतल्यास वरच्या थराचे क्षणार्धात उकळून तुषार उडतात. अशा घटना मंदगतीने दाखविल्यास कारण व परिणाम यांचा संबंध डोळ्यांना दिसतो. अमेरिकेत १९६० पासूनच्या दशकात ‘केम स्टडी’ या अभ्यासक्रमासाठी तयार केलेल्या चित्रपटांनी वर्गात करून दाखविण्यास अवघड असे प्रयोग विद्यार्थ्यांसमोर आणले. त्याच देशाच्या केमिकल सेफ्टी बोर्ड या संघीय चौकशी संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या चित्रफितीत टेक्सस टेक व डार्टमथ येथील घटनांबरोबर लॉस अँजेल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डिसेंबर २००८ मध्ये घडलेल्या दुर्घटनेचाही वृत्तांत आहे.

चित्रातील प्रत्येक गोष्ट प्रेक्षक शिकतो, मग निवेदनात तिचा उल्लेख असो वा नसो. जुन्या चित्रपटांत व पाठ्यपुस्तकांतील चित्रांत तोंडाने पिपेट ओढणारे, संरक्षक चष्मा न घातलेले किंवा ॲस्बेस्टॉसची जाळी वापरणारे प्रयोगकर्ते दिसतात. असे साहित्य न तपासता दाखविल्यास शब्दांनी दिलेली शिकवण चित्र पुसून टाकते. काही शिक्षक मात्र याचाच उपयोग करून घेतात व चित्रातील चुका शोधून काढण्यास विद्यार्थ्यांना सांगतात.

चित्रफीत परिणामकारक असणे पुरेसे नसते. ती योग्य व्यक्तीपर्यंत वेळेवर पोहोचावी लागते. बशांतील निरनिराळ्या धातूंच्या लवणांवर मिथेनॉल ओतून ते पेटवायचे व लिथियमाची किरमिजी, सोडियमाची पिवळी, तांब्याची हिरवी अशा रंगीत ज्योती दाखवायच्या, हा प्रयोग शाळांतून लोकप्रिय होता. मिथेनॉलाची वाफ सु. ११° से. तापमानालाच पेट घेऊ शकते व त्याची ज्योत उजेडात जेमतेम दिसते. ज्योत मंदावल्यावर मोठ्या बाटलीतून पुन्हा मिथेनॉल ओतले, तर बाटलीतून आगीचा झोत बाहेर पडून समोर बसलेले विद्यार्थी भाजतात. २००६ मध्ये अशा प्रयोगात भाजलेल्या एका विद्यार्थिनीचा तिच्याच शब्दांतील अनुभव सांगणारी चित्रफीत वरील संस्थेने डिसेंबर २०१३ मध्ये प्रसृत केली. त्यानंतर काही आठवड्यांतच, २ जानेवारी २०१४ रोजी, न्यूयॉर्क शहरातील एका माध्यमिक शाळेत त्याच प्रयोगात एक विद्यार्थी गंभीररीत्या भाजला. लवणांच्या विद्रावात भिजविलेल्या लाकडी काड्या बन्सन ज्वालकात धरल्या असता तेच रंग मिथेनॉलाशिवाय दिसतात. धोका सांगणाऱ्या प्रत्येक साहित्यात असा पर्याय दाखविलेला असणे महत्त्वाचे असते. कारण पर्याय हाती नसलेला शिक्षक जुनाच प्रयोग करीत राहतो.

संगणकीय माध्यमे : आभासी प्रयोगशाळेत विद्यार्थी पडद्यावर उपकरणे मांडतो, द्रव्ये मिसळतो व चुकीचे परिणाम इजा न होता पाहतो. कृतींचा क्रम, उपकरणांची ओळख व प्रयोगापूर्वीची तयारी यांसाठी हे माध्यम उपयोगी आहे. भारतात अमृता विश्व विद्यापीठम् व मुंबई येथील सी-डॅक यांनी शालेय प्रयोगांसाठी ‘ओलॅब्ज’ हा संच विकसित केला असून त्यातील काही साहित्य मराठीतही आहे. २०२० मधील महासाथीच्या काळात प्रयोगशाळा बंद राहिल्याने अशा माध्यमांचा वापर एकाएकी वाढला. परंतु पडद्यावरील चंचुपात्राला वजन, उष्णता व वास नसतो आणि तेथे झालेली चूक पुसून पुन्हा आरंभ करता येतो. त्यामुळे प्रत्यक्ष कामापूर्वीची पायरी एवढेच त्याचे स्थान असावे.

प्रत्यक्ष सराव : हाताचे कौशल्य हातानेच शिकावे लागते. लॉस अँजेल्स येथील दुर्घटनेत टर्शरी ब्यूटिल लिथियम हे हवेच्या संपर्काने पेट घेणारे द्रव्य प्लॅस्टिकच्या पिचकारीने काढले जात असताना तिचा दट्ट्या निसटला व अंगात प्रयोगशाळेचा कोट नसलेली २३ वर्षांची संशोधन साहाय्यक भाजली. १८ दिवसांनी तिचा मृत्यू झाला. हे द्रव्य हाताळण्याची रीत छापील स्वरूपात उपलब्ध होती. पण ती रीत अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली, प्रथम निरुपद्रवी द्रवावर गिरविणे हे काम कागद करू शकत नाही. सरावाची काही साधने अत्यंत साधी आहेत. हातमोजे न दिसणारी घाण कोठे कोठे पसरवितात हे दाखविण्यासाठी त्यांवर अनुस्फुरक (जंबुपार प्रकाशात चमकणारी) भुकटी लावून काम करावयास देतात. नंतर अंधारात जंबुपार दिवा लावला की दाराची मूठ, लेखणी व स्वतःचा चेहरा यांवर ती चमकताना दिसते. डोळ्यांत द्रव्य गेल्यास वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुणे आवश्यक असते. डोळे मिटलेल्या विद्यार्थ्याला आपल्या जागेपासून नळापर्यंत जाता येते का, हे सराव करूनच कळते. सोडियमाच्या आगीवर पाणी वा कार्बन डाय-ऑक्साइड न वापरता कोरडी वाळू टाकावी, हेही वाळूची बादली उचलून शिकविलेले अधिक लक्षात राहते.

भाषेचा प्रश्न : महाराष्ट्रात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या अनेक विद्यार्थ्यांना महाविद्यालयात एकदम इंग्रजी लेबले व पुस्तिका यांना तोंड द्यावे लागते. प्रयोगशाळेतील परिचर, जो बाटल्या भरतो, काचसामान धुतो व टाकाऊ द्रव्ये हाताळतो, त्याच्यापर्यंत तर इंग्रजी साहित्य बहुधा पोहोचतच नाही. ‘इनफ्लेमेबल’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘न पेटणारे’ असा समजला जाण्याचा धोका असल्यामुळे इंग्रजीतही त्याऐवजी ‘फ्लेमेबल’ हा शब्द रूढ करण्यात आला. मराठीतही परिभाषिक शब्दाबरोबर बोलीतील शब्द देणे हितावह ठरते : ज्वालाग्राही म्हणजे ‘चटकन पेट घेणारे’, क्षरणकारी म्हणजे ‘कातडी व धातू खाणारे’. ग्रामीण शाळांत गॅसऐवजी स्पिरिटचा दिवा वापरतात. पेटता किंवा गरम दिवा भरणे हा मिथेनॉलाच्या वरील अपघातासारखाच धोका असून ‘दिवा विझवा, थंड होऊ द्या, मग भरा’ ही तीन शब्दसमूहांची मराठी पाटी तेथे लांबलचक इंग्रजी नियमावलीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

माध्यमांची सांगड : सल्फ्यूरिक अम्ल विरल करणे या एका कृतीसाठी सर्व माध्यमे क्रमाने वापरता येतात. विद्यार्थी आदल्या दिवशी माहितीपत्रकातून अम्लाचे धोके व प्रथमोपचार लिहून काढतो; वर्गात मंदगती चित्रफितीतून पाणी अम्लात ओतल्याचा परिणाम पाहतो; आभासी प्रयोगात कृतींचा क्रम पक्का करतो; प्रयोगशाळेत शिक्षक संरक्षक चष्मा घालून अम्ल पाण्यात हळूहळू ओतून व ढवळून दाखवितो; विद्यार्थी हीच कृती प्रथम रंगीत पाण्याने व नंतर अम्लाने करतो. टेबलावरील लेबल व पाटी प्रत्येक वेळी तीच गोष्ट थोडक्यात सांगते. एकच सूचना निरनिराळ्या रूपांत आल्याने ती स्मरणात राहते; मात्र सर्व माध्यमांतील मजकूर सुसंगत असला पाहिजे.

शिक्षण सफल झाले किंवा नाही हे केवळ लेखी परीक्षेवरून ठरविता येत नाही. नियम अचूक लिहिणारा विद्यार्थी चष्मा कपाळावर चढवून काम करताना दिसतो. म्हणून निरीक्षण, अचानक घेतलेला सराव आणि थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद यांवरून मूल्यमापन करतात. अशी नोंद करणाऱ्याला शिक्षा होणार नाही याची हमी असल्यास नोंदी वाढतात व त्यांतून पुढील वर्गासाठी उदाहरणे मिळतात. या सर्वांहून प्रभावी ठरते ते शिक्षकाचे स्वतःचे वर्तन. स्वतः चष्मा न घालता ‘चष्मा घाला’ असे सांगणाऱ्या शिक्षकाकडून विद्यार्थी पहिली गोष्ट शिकतात, दुसरी नव्हे.